ऑर्किडचे बी रुजवणारे नोएल बर्नार

ऑर्किडच्या एका बोंडात हजारो बिया असतात, पण अगदी धुळीएवढ्या. त्यांच्यात अन्नसाठा जवळजवळ नसतोच. त्यामुळे पेरल्या तरी बहुतेक रुजत नसत. मग युरोपातील श्रीमंतांच्या काचघरांसाठी जंगलांतून झाडेच ओरबाडून आणली जात.

नोएल बर्नार यांचा जन्म १८७४ मध्ये पॅरिसला झाला. मे १८९९ मध्ये, लष्करी सेवेत असताना, फोंतेनब्लोच्या जंगलात त्यांना पालापाचोळ्याखाली गाडला गेलेला एका ऑर्किडचा दांडा सापडला. त्यावर बिया रुजल्या होत्या आणि प्रत्येक रोपात बुरशीचे तंतू होते. दुसऱ्या कुणी रोग समजून तो फेकून दिला असता! बर्नार यांनी पुढे ऑर्किडच्या मुळांतून बुरशी वेगळी काढली, काचनळीत ती बियांना दिली आणि रोपे मिळवली. बुरशी वरचढ ठरली तर रोप मरते, शिरलीच नाही तर बी तसेच राहते. आजार आणि सहजीवन यांतली सीमारेषा किती पुसट असते, हे त्यांनी ओळखले होते.

प्वातिए येथे प्राध्यापक असताना क्षयाने त्यांना गाठले. जानेवारी १९११ मध्ये ते गेले, अवघ्या ३६ व्या वर्षी. स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून तीसेक वर्षे होती.

१९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी बुरशीऐवजी साखर घातलेल्या आगरवर बी रुजवले. इंग्लंडच्या रानात ‘लेडीज स्लिपर’ या ऑर्किडचे एकच झाड उरले होते. क्यू उद्यानाच्या प्रयोगशाळेत बियांपासून वाढवून रानात लावलेल्या रोपांपैकी पहिले २००० मध्ये फुलले.