होम्सचा जनक आणि दोन निरपराध

रहस्यकथेत वाचकाची एक मोठी सोय असते. अखेरच्या प्रकरणात खरा गुन्हेगार सापडतो आणि तोवर ज्यांच्या ज्यांच्याकडे वाकड्या नजरेने पाहिले गेले, ते सारे एका क्षणात निर्दोष ठरतात. प्रत्यक्ष न्यायव्यवहारात मात्र निरपराध माणसावरचा संशय पुसून काढणे हे गुन्हेगार पकडण्याहूनही कठीण काम असते. शेरलॉक होम्सला जन्म देऊन साऱ्या जगाला संशय घेण्याची विद्या शिकवणारे सर आर्थर कॉनन डॉइल यांना आयुष्याच्या उत्तरार्धात हा अनुभव एकदा नव्हे, दोनदा घ्यावा लागला.

डॉइल यांचा जन्म २२ मे १८५९ रोजी एडिंबरो येथे झाला. वडील मद्याच्या आहारी गेले आणि त्यांची अखेरची वर्षे मनोरुग्णालयांत गेली. संसार आईने रेटला. एडिंबरो विद्यापीठात वैद्यक शिकत असताना डॉ. जोसेफ बेल हे त्यांना गुरू लाभले. रुग्णाचे बूट, हात आणि चालण्याची ढब पाहूनच त्याचा व्यवसाय ओळखणाऱ्या या अध्यापकावरून होम्सची मूर्ती घडली. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या होम्सकथेचे सर्व हक्क डॉइल यांनी अवघ्या २५ पौंडांना विकले होते. १८९१ च्या आरंभी ते व्हिएन्नाला जाऊन थोडेफार नेत्रवैद्यक शिकून आले आणि लंडनमध्ये त्यांनी दवाखाना थाटला. पण तिकडे रुग्ण फिरकेनात. त्याच वर्षी ‘स्ट्रँड’ मासिकातील होम्सकथांनी त्यांना कीर्ती आणि पैसा दोन्ही मिळवून दिले. १८९३ मध्ये कंटाळून त्यांनी होम्सला धबधब्यात लोटले आणि दहा वर्षांनी वाचकांच्या आग्रहाखातर परत आणले, ही हकीकत सर्वश्रुतच आहे. न चाललेल्या त्या दवाखान्यातील ज्ञान मात्र पुढे अगदी अनपेक्षित ठिकाणी कामी आले.

मुंबईच्या पारशी समाजातील शापूरजी एदलजी हे ख्रिस्ती धर्म स्वीकारून इंग्लंडला गेले आणि स्टॅफर्डशायरमधील ग्रेट वर्ली या खाणकामगारांच्या गावी धर्मगुरू झाले. पत्नी इंग्रज. गोऱ्या गावाच्या प्रार्थनामंदिरात काळसर वर्णाचा धर्मोपदेशक ही गोष्ट साऱ्यांनाच रुचली असे नाही. १८९२ ते १८९५ या काळात या कुटुंबाला निनावी, घाणेरड्या पत्रांनी छळले आणि पोलिसांना संशय आला तो थोरल्या मुलावर, जॉर्जवर. हा जॉर्ज अभ्यासू, अबोल, निर्व्यसनी. पुढे तो बर्मिंगहॅममध्ये सॉलिसिटर झाला. रेल्वेने प्रवास करणाऱ्यांसाठी त्याने कायद्याचे एक पुस्तकही लिहिले.

१९०३ साली त्या परिसरात रात्री-अपरात्री जनावरांची पोटे फाडण्याचे प्रकार सुरू झाले, आणि त्यांबरोबर निनावी पत्रेही. ऑगस्टमध्ये खाणीचे एक तट्टू जखमी अवस्थेत आढळताच २७ वर्षांच्या जॉर्जला अटक झाली. बाप-लेक एकाच खोलीत झोपत आणि खोलीला आतून कुलूप असे, ही धर्मगुरूची शपथेवरची साक्ष व्यर्थ गेली. पत्रे जॉर्जच्याच हातची असल्याचे हस्ताक्षरतज्ज्ञाने सांगितले. याच तज्ज्ञाची साक्ष अडॉल्फ बेक या दुसऱ्या एका निरपराध माणसालाही भोवली होती! जॉर्ज कोठडीत असतानाही जनावरांवरील हल्ले थांबले नाहीत. तरी त्याला सात वर्षे सक्तमजुरी झाली. हजारोंच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९०६ मध्ये, कोणतेही कारण न देता त्याला सोडण्यात आले. माफी नाही, की निर्दोषत्वाचा दाखला नाही. वकिलीची सनदही गेलेली.

त्याच वर्षी डॉइल यांची पहिली पत्नी दीर्घ आजाराने वारली होती आणि लेखणी हातात धरवत नव्हती. अशा मनःस्थितीत त्यांनी जॉर्जची कहाणी वाचली व त्याला लंडनच्या एका हॉटेलात बोलावले. जॉर्ज वृत्तपत्र अगदी डोळ्यांशी, तेही तिरपे धरून वाचत बसला होता. नेत्रवैद्यक शिकलेल्या डॉइल यांच्या एका दृष्टिक्षेपात सारे ध्यानी आले. ज्याला दिवसाउजेडी समोरचा माणूस धड दिसत नाही, तो अंधाऱ्या, पावसाळी रात्री रेल्वेमार्ग ओलांडून, पाळत ठेवणाऱ्या पोलिसांना चुकवून जनावर कसे गाठणार? जानेवारी १९०७ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’मधून त्यांनी पुराव्याची अक्षरशः चिरफाड केली.

सरकारने तिघांची समिती नेमली. तीत जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाचा एक नातलगही होता. मे महिन्यात निर्णय आला तो मोठा चमत्कारिक : जनावराच्या गुन्ह्यातून जॉर्ज मुक्त, पण पत्रे त्यानेच लिहिली, सबब आपत्ती त्याने स्वतःच ओढवून घेतली आणि भरपाई देय नाही. चूक मान्य करायची, पण चुकीचे खापर चुकीच्या बळीवरच फोडायचे, असा हा प्रकार. सनद तेवढी परत मिळाली. सप्टेंबरमध्ये झालेल्या डॉइल यांच्या दुसऱ्या विवाहाला जॉर्ज निमंत्रित होता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलांसाठी न्यायालय स्थापणारा कायदा झाला. बेक आणि एदलजी या प्रकरणांमुळे त्या मागणीला जोर आला होता.

तथापि याच प्रकरणात डॉइल यांनी खरा गुन्हेगार म्हणून दुसऱ्याच एका माणसाकडे बोट दाखवले आणि त्यासाठीचा पुरावा जॉर्जविरुद्धच्या पुराव्याहून फारसा भक्कम नव्हता. होम्सची सवय त्यांना येथे नडली, असेच म्हणावे लागते.

दुसरे प्रकरण ऑस्कर स्लेटरचे. डिसेंबर १९०८ मध्ये ग्लासगोत एका श्रीमंत वृद्धेचा खून झाला व हिऱ्यांचा ब्रोच नाहीसा झाला. स्लेटर हा जर्मन ज्यू, जुगारी वृत्तीचा, बदनाम. त्याने गहाण टाकलेला ब्रोच वेगळाच होता आणि तो खुनापूर्वी कित्येक दिवस गहाण पडला होता, हे सिद्ध होऊनही १९०९ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली. दोन दिवस आधी ती जन्मठेपेवर आली. डॉइल यांना हा माणूस मुळीच आवडत नव्हता. तरीही १९१२ मध्ये त्यांनी त्याच्या बाजूने पुस्तिका लिहिली. सज्जन एदलजीसाठी झटण्यापेक्षा या नकोशा माणसासाठी झटण्यातच त्यांची न्यायबुद्धी अधिक उठून दिसते. १९१४ साली एका पोलीस अधिकाऱ्याने तपासातील दोष उघड केले, तर नोकरी गेली ती त्याचीच. १९२५ मध्ये सुटून आलेल्या एका कैद्याने तोंडात लपवून आणलेली स्लेटरची चिठ्ठी डॉइल यांच्या हाती पडली आणि वयाच्या पासष्टीत ते पुन्हा कामाला लागले. नोव्हेंबर १९२७ मध्ये स्लेटर सुटला. पुढच्या जुलैत शिक्षा रद्द झाली, पण तीही न्यायाधीशाने ज्यूरीला दिलेल्या चुकीच्या मार्गदर्शनाच्या मुद्द्यावर. ६,००० पौंड भरपाई मिळाली. खटल्याच्या खर्चावरून मात्र उपकारकर्ता आणि उपकृत यांचे कडाक्याचे भांडण झाले.

याच काळात डॉइल परलोकविद्येच्या नादी लागले होते आणि दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे त्यांनी खरी मानली होती. ७ जुलै १९३० रोजी त्यांचे निधन झाले. १९३४ साली एका मजुराने ग्रेट वर्ली प्रकरणातील काही निनावी पत्रे आपण लिहिल्याचे न्यायालयात कबूल केले. ती बातमी वाचायला डॉइल नव्हते. जॉर्ज एदलजी होता. तो १९५३ मध्ये वारला. तीन वर्षांच्या तुरुंगवासाबद्दल त्याला सरकारकडून एक पेनीही मिळाली नाही.