चौकटींच्या भिंतीपुढची माणसे

धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एखाद्या क्षणी जमिनीवरून सुटतात का, हा जुना वाद एडवर्ड मायब्रिजने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो अल्टो येथे मिटवला. घोडा धावताना वाटेत ताणलेले दोरे तुटत गेले, ओळीने मांडलेल्या १२ कॅमेऱ्यांची झाकणे उघडत गेली आणि चारही पाय हवेत असल्याचे सगळ्यांना दिसले. मायब्रिजची ओळख बहुतेकांसाठी इथेच संपते. त्याचे अधिक मोठे आणि अधिक अवघड काम मात्र सहा वर्षांनंतर सुरू झाले. त्यात माणसे होती, आणि त्यातली बरीचशी विवस्त्र होती.

१८३० मध्ये इंग्लंडमधील किंग्स्टन येथे जन्मलेला हा माणूस तरुणपणीच अमेरिकेत गेला. १८६० मध्ये घोडागाडीच्या अपघातात त्याच्या डोक्याला जबर मार बसला. काही काळ एकाच्या दोन वस्तू दिसत, चव आणि वास गेले. पुढे १८७४ मध्ये त्याने पत्नीच्या प्रियकराला गोळी घालून ठार मारले. बचावाच्या वकिलांनी त्या जुन्या दुखापतीचा आधार घेतला. ज्युरीने वेडाचा मुद्दा मानला नाही, तरीही त्याला निर्दोष सोडले!

१८८४ मध्ये फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्याला काम दिले. विद्यापीठाचे प्रमुख विल्यम पेपर स्वतः डॉक्टर होते. पशुवैद्यकीय विभागाच्या आवारात काळी भिंत उभारून तिच्यावर पांढऱ्या दोऱ्यांच्या चौकटी आखल्या गेल्या. त्या भिंतीपुढे माणसे चालली, धावली, जिना चढली, कुस्ती खेळली. कपड्यांखाली सांधे आणि स्नायू दिसत नाहीत, हे कारण खरेच होते. पण चौकटींनी आणखी एक काम केले. उघड्या देहामागे मोजपट्टी दिसली की बघणारा अभ्यासक ठरतो. १८८७ मध्ये ७८१ तक्त्यांचा हा संग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा चित्रकार, शिल्पकार आणि शास्त्रज्ञ त्याचे ग्राहक झाले.

विद्यापीठाने या कामावर देखरेखीसाठी नेमलेल्या मंडळींत चित्रकार थॉमस एकिन्स होता. त्याच शहरातल्या कला अकादमीत तो शिकवत असे. विद्यार्थिनींच्या उपस्थितीत त्याने पुरुष मॉडेलचे कटिवस्त्र काढले आणि १८८६ मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. शहर एक, वर्षेही तीच; फरक होता तो भिंतीवरच्या दोऱ्यांचा.

तक्ते शांतपणे पाहिले तर शास्त्राची ही ढाल ठिकठिकाणी फाटलेली दिसते. पुरुष सुतारकाम करतात, गवंडीकाम करतात, मुष्टियुद्ध खेळतात. बायका पाणी ओततात, नाचतात, हवेत चुंबन फेकतात. हवेत चुंबन फेकण्यातून कोणत्या स्नायूचा अभ्यास होणार होता, हे तक्ता सांगत नाही. पुढच्या अभ्यासकांनी ठशांचे मूळ संच तपासले, तेव्हा अनेक मालिकांतली छायाचित्रे सलग नसल्याचे, काही ठिकाणी जुळवून घेतल्याचे आढळले. म्हणजे मोजपट्टीही पुरती विश्वासाची नव्हती. तरीही यातली काही चित्रे विलक्षण सुंदर आहेत, आणि ते सौंदर्य शास्त्राच्या परवानगीवर अवलंबून नाही. फ्रान्सिस बेकन या चित्रकाराने विसाव्या शतकात याच तक्त्यांतल्या कुस्तीगिरांवरून १९५३ चे आपले गाजलेले चित्र घडवले.

सर्वांत अस्वस्थ करणारे तक्ते रुग्णांचे आहेत. मज्जातंतूतज्ज्ञ फ्रान्सिस डर्कम यांनी चाल बिघडलेले रुग्ण आणले. चालण्यातला दोष नोंदवण्याची ही सुरुवातीची पद्धत होती आणि वैद्यकाला ती उपयोगी पडली. मॉडेलना कामाचा मोबदला मिळे, नकोसे वाटल्यास निघून जाता येई. सार्वजनिक रुग्णालयातल्या आजारी माणसाला कपडे उतरवायला नकार देणे कितपत शक्य होते?

मॉडेल क्रमांकांनी ओळखली जात. त्या यादीत ९५ क्रमांकावर एक माजी खेळाडू आहे. वय साठीच्या आसपास, दाढी पांढरी. तो विवस्त्र चालतो आणि कुदळ मारतो. हा मायब्रिज स्वतः. तेव्हा त्याने नुकतीच पंचावन्नी गाठली होती.