कायद्याचा हक्क आणि कृपेची वाट

रत्नागिरी जिल्ह्याने महाराष्ट्रास दोन टिळक दिले. बळवंतराव १८५६ साली रत्नागिरी शहरात जन्मले. नारायण वामन १८६१ साली याच जिल्ह्यातील करजगावी. पहिल्यांचा जयजयकार करावयास आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. दुसऱ्यांची ओळख मात्र आपण ‘फुलांमुलांचे कवी’ एवढ्यावरच आटोपतो, आणि ते ख्रिस्ती झाले हे आठवताच विषय बदलतो. ही घाई आम्हांस उचित वाटत नाही. धर्मांतराची भलामण करणे हा आजच्या लेखाचा हेतु नव्हे. परंतु नियम पाळल्याने माणूस देवाचा होतो, की देवाने आधीच आपला म्हटल्यामुळे माणूस नीट वागू लागतो, हा प्रश्न कोणा एका धर्माचा नाही. आणि रेव्हरंड टिळकांनी तो वादविवादात नव्हे, तर स्वतःच्या संसारात सोडविला.

त्यांचे आईचे छत्र लहानपणीच हरपले. वडिलांचा स्वभाव कडक. मुलगा घर सोडून नाशकास गेला आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. गोदाकाठच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनू सासरी येऊन लक्ष्मीबाई झाली. पुढे नागपूरच्या बुटींच्या आश्रयाने वैदिक वाङ्मयाच्या संपादनाचे काम त्यांनी केले. म्हणजे शास्त्र न वाचता त्याला नावे ठेवणाऱ्यांपैकी हे गृहस्थ नव्हते. वृत्ती उतावीळ, राग नाकावर, पाय एका गावी न ठरणारा. परंतु सत्य सापडेल तेथे जावयाचे, हा हट्ट पक्का.

तो काळ कसा होता? १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा एक प्रसंग घडला, आणि तेवढ्यावरून न्यायमूर्ती रानडे व बळवंतराव टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य होऊन अखेर प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली. देश पारतंत्र्यात, रयत कर्जात. आणि विद्वानांची सभा पेलाभर चहाने कोण किती विटाळला याचा निवाडा करीत बसलेली! धर्माची खतावणी अशी एकदा मांडली, की देव सावकार होतो आणि भक्त जन्माचा कर्जदार. रोज हप्ता भरावा, तरी मुद्दल फिटत नाही.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते थबकले. त्याच ग्रंथात पौलाची पत्रे आहेत. हा पौल मूळचा कडवा परूशी, म्हणजे नियमशास्त्राचे अक्षरन् अक्षर पाळणारा. सुंता केल्यावाचून परराष्ट्रीयांस ख्रिस्ताच्या मंडळीत पुरा हक्क नाही, असे काहीजण म्हणू लागले, तेव्हा गलतीकरांस पत्र लिहून त्याने ते मत मोडून काढले. तारण ही नियमपालनाची मजुरी नव्हे, ती देवाची देणगी आहे. विश्वासाने हात पुढे करावा आणि घ्यावी, हे त्याचे सांगणे. अंत्युखियात पेत्र प्रथम परराष्ट्रीयांच्या पंक्तीस बसला आणि यरुशलेमेकडील मंडळी येताच भिऊन उठला. पौलाने त्यास सर्वांसमक्ष दोष दिला. पंक्तिभेदाचे हे भांडण जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचे. पण पंचहौदाचा चहा ज्या महाराष्ट्रात गाजला, तेथे ते समजावयास भाष्यकार कशास हवा?

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आप्तांनी त्यांस मेल्यात जमा धरले. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा मालमत्तेवरील हक्क शाबूत राहत होता. परंतु हक्क राखणारा कायदा आपल्याच माणसांच्या हातचे भांडेभर पाणी मिळवून देऊ शकत नाही. लक्ष्मीबाई मुलास घेऊन कधी जलालपुरी, कधी पंढरपुरी राहिल्या. त्यांचे दुःख लहान नव्हते. नवऱ्याने सत्य शोधले, आणि त्याची किंमत प्रथम बायकोने मोजली, हे टिळकांच्या चाहत्यांनीही विसरू नये.

येथेच या चरित्रातील खरा कस लागतो. ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास त्याच्या जोडीदाराने त्या कारणावरून सहा महिने टाकले, तर तो कोर्टात जाऊ शके, आणि विचारास वर्षाची मुदत देऊन कोर्ट तो विवाह मोडू शके. असा कायदा १८६६ पासून सरकारने केलेला होता. वकिलाच्या दृष्टीने टिळकांची बाजू उत्तम होती. त्यांनी ती वाट धरली नाही. सुमारे पाच वर्षे ते थांबले. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हा सोवळे घेऊनच आल्या. त्यांची चूल निराळी, पाणी निराळे. टिळकांनी ती सोय ख्रिस्ती वस्तीत राहूनही होऊ दिली. मग विचार करता करता त्यांचे त्यांनाच उमगले की जात देवाने केली नाही, माणसाने केली. आणि त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी घेण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा सगळा प्रवास त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये स्वतःसही न सोडता सांगितला आहे. सक्तीने सोवळे सुटले असते, तर एका हुकुमाच्या जागी दुसरा हुकूम आला असता, एवढेच.

परंतु माणसाचे मन मोठे चमत्कारिक. जुना पिंजरा मोडला की त्याच गजांचा नवा बांधू लागते. टिळक नगरास अमेरिकन मराठी मिशनचे काम करीत होते. १९०४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, पुढे ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. तेथे त्यांस दिसले की येथेही एक सोवळे आहे. भजन विलायती चालीवर, कारभार परक्यांच्या हाती, देशी कामगार पगाराच्या दोरीने बांधलेला. जणू साहेबी रीत हीच शुचिता! टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग, ओवी व कीर्तन आणले, आणि शेकडो गीते रचली. तुकारामाच्याच वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते निःसंकोच सांगत. ज्या संतांनी देवाची दया कर्मकांडाच्या वर ठेवली, त्यांस टाकून ख्रिस्ताकडे जावे लागते, हे त्यांस कधीच मान्य झाले नाही. देशप्रीतीही त्यांनी बाप्तिस्म्याच्या पाण्यात सोडली नव्हती.

अखेर १९१७ साली त्यांनी मिशनचे काम व पगार दोन्ही सोडले, संन्यस्त वृत्ती पतकरली आणि साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे बंधू म्हणून यावेत, हा त्यांचा बेत होता. सुंतेवाचून ये, असे पौलाने परराष्ट्रीयांस म्हटले होते. बाप्तिस्म्यावाचूनही ये, असे म्हणण्याचे धैर्य करजगावच्या या ब्राह्मणाने दाखविले. दरबार पुरता भरण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईच्या जे. जे. इस्पितळात त्यांचा अंत झाला. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. कधीकाळी नवऱ्याच्या धर्मापायी घर मोडलेल्या स्त्रीनेच त्याचे काव्य तडीस न्यावे, यापरता त्या पाच वर्षांच्या थांबण्याचा दुसरा दाखला कोणता?

यावर कोणी विचारील, कृपेनेच सर्व मिळत असेल तर नियम पाळील कोण? ही शंका पौलासही लोकांनी घातली होती. आमचे उत्तर असे की, चाकर मालकाचे काम पगारासाठी करतो, मुलगा बापाचे काम प्रेमासाठी करतो. पहिला घड्याळाकडे पाहतो, दुसऱ्यास वेळेचे भान नसते. बायकोसाठी पाच वर्षे थांब, असे कोणत्याही कलमात लिहिलेले नव्हते. कायद्याने मागितले त्याहून अधिक टिळकांनी दिले, ते मोकळे होते म्हणून.

आपल्या रत्नागिरीत पतितपावन मंदिर १९३१ साली उघडले आणि सर्व जातींस एका देवापुढे उभे राहता आले. दार उघडणे हे अर्धे काम होते. उरलेले अर्धे आपल्याकडे आहे: पेढीवरची देणीघेणी पैचाही फरक न करता जरूर लिहावी, पण तीच वही घेऊन देवापुढे व शेजाऱ्यापुढे बसू नये.