मोरोपंत आणि रिकामे शब्द

आमच्या वडगाव निंबाळकरास जवळ असलेल्या बारामतीस मोरोपंत पराडकर हे कवि होऊन गेले. त्यांचा जन्म सन १७२९ त पन्हाळगडी झाला. पुढे ते बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयास राहिले, तेथे पुराण सांगत, व सन १७९४ त तेथेच निवर्तले.

महाभारत त्यांनी आर्यावृत्तांत आणिले. आर्येत मात्रा मोजक्या. रिकामा शब्द शिरला की अर्थाची जागा गेली. त्यांच्या अनेक रामायणांपैकी एक निरोष्ठ आहे. ओठ मिटल्यावांचून न उच्चारिली जाणारी प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यांत नाहीत. प्रत्यक्ष राम हे नांवहि येत नाही.

आम्ही उपदेशास उभे राहिलो की विचार अडतो, शांततेचे भय वाटते, आणि दर वाक्यास म्हणजे, मग हे शब्द तोंडी येतात. दोहोंचा आरंभ म नेच! मागे बसलेली म्हातारी तेवढ्यांत मुख्य गोष्टीस मुकते. पंतांनी काव्यासाठी पांच अक्षरे सोडिली. ऐकणारांसाठी आम्हांस दोन शब्द सोडवत नाहीत काय? बंधूंनो, पुढील वाक्य सुचेपर्यंत ओठ मिटून उगे राहावे. तेवढ्या वेळांत मागील वाक्य ऐकणाराच्या मनांत उतरते.