चामडे कारागिराचा मुलगा लुई ब्रेल

३ जानेवारीला आपण सावित्रीमाईंची जयंती वस्तीवस्तीत साजरी करतो. दुसऱ्याच दिवशी, ४ जानेवारीला, लुई ब्रेलची जयंती असते. तिची आठवण मात्र आपल्या विहारांतून क्वचितच निघते. वास्तविक, ज्यांना अक्षर नाकारले गेले त्यांच्या हाती अक्षर देणारा हा माणूस आपल्या चळवळीला परका नाही.

लुईचा जन्म १८०९ साली फ्रान्समधील कुपव्रे या खेड्यात झाला. बाप सिमॉन-रने घोड्यांचे खोगीर-लगाम शिवणारा कारागीर. तीन वर्षांचा लुई बापाच्या कामाच्या जागी खेळत असताना हत्यार डोळ्यात घुसले. जखम चिघळली, दुसरा डोळाही गेला आणि पाच वर्षांचा होईतो मूल पूर्ण अंध झाले. त्या काळी गरिबाघरच्या अंध मुलाच्या वाट्याला बहुधा भीकच येई. पण आईबापांनी लुईला कोपऱ्यात बसवले नाही. बापाने काठी करून दिली, फळीवर खिळे ठोकून बोटांना अक्षरओळख करून दिली. गावचे धर्मगुरू पालुई यांनी शिकवले. मास्तर बेशेरे यांनी डोळस मुलांच्या शाळेत घेतले. शेजारचा मुलगा हात धरून शाळेत नेई. या बळावर १८१९ साली दहा वर्षांचा लुई पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला.

तेथे डोळसांचीच अक्षरे कागदावर उठावदार छापलेली जाडजूड पुस्तके होती. वाचायला फार वेळ लागे आणि मुलांना स्वतःचे दोन शब्द लिहिता येत नसत. १८२१ साली शार्ल बार्बिये या माजी लष्करी अधिकाऱ्याची बारा टिंबांची लिपी शाळेत आली. तीही बोटाला जड जाई. लुईने ती सहा टिंबांवर आणली. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी तयार झाली. १८२९ साली ती पुस्तकरूपाने आली. पुढे तो त्याच शाळेत शिक्षक झाला.

पण १८४० साली आलेले संचालक द्युफो यांनी या लिपीवर बंदी घातली. अंधांनी कसे वाचावे हे डोळसांनी ठरवायचे, असा हा प्रकार! मुलांनी मात्र ती चोरून एकमेकांना शिकवली. १८४४ साली शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनात तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि विरोध मावळला. ६ जानेवारी १८५२ रोजी क्षयाने लुई गेला, तेव्हा तो अवघा ४३ वर्षांचा होता. फ्रान्समध्ये लिपीला अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ साली. १९५१ साली भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरली. मराठी अंध मुले आज त्याच सहा टिंबांत वाचतात.

आपल्याकडे अपंग मूल म्हणजे मागच्या जन्मीचे पाप, असे सांगितले जाते. अस्पृश्यतेचे समर्थनही याच कर्मसिद्धांताने केले होते. बाबासाहेबांनी तो नाकारला. मग अपंग लेकरापुरता तो आपल्या घरात का शिल्लक राहावा? हरिजन म्हणून गौरवल्याने आपली गुलामी गेली नाही, तसे दिव्यांग म्हटल्याने शाळेचे दार उघडत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के होते, तर अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के. म्हणजे हा प्रश्न आपल्याच दारातला आहे. २०१६ च्या कायद्याने ६ ते १८ वर्षांच्या ठळक अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पण कायदा स्वतः चालत वस्तीत येत नाही.

म्हणून प्रत्येक विहाराने वस्तीतील अशा मुलांची यादी करावी. प्रमाणपत्रासाठी आईबापांसोबत रुग्णालयात जावे. शाळा प्रवेश नाकारत असेल तर लेखी जाब विचारावा. शेजारच्या विद्यार्थ्याने रोज त्या मुलाचा हात धरावा. आणि या मुलांसाठी काय करायचे हे ठरवताना त्यांनाच आधी विचारावे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा संदेश त्यांच्यासाठीही आहे.