तुकडोजी महाराज : खंजिरीवर गाणारे राष्ट्रसंत

तुकडोजी महाराज यांचे मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. त्यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. तरुणपणी ते रामटेक, रामदिघी आणि चिमूरजवळच्या गोंदेडा येथील जंगलांत राहिले. स्वतः रचलेली मराठी-हिंदी भजने ते खंजिरीच्या तालावर गात. ती ऐकायला गावेच्या गावे लोटत. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापला.

त्यांच्या भजनांत भक्तीइतकेच देशाचे स्वातंत्र्यही होते. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीला चिमूरमध्ये पोलिसांनी गोळीबार केला. चिडलेल्या जमावाने काही अधिकाऱ्यांना ठार केले. लोकांना भजनांतून चेतवल्याचा ठपका महाराजांवर आला. त्याच महिन्यात चांद्यात त्यांना अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले.

सुटकेनंतर त्यांनी सारे लक्ष खेड्यांकडे वळवले. ग्रामस्वच्छता, व्यसनमुक्ती, अस्पृश्यता निवारण हे त्यांच्या भजनांचे विषय झाले. हेच विचार पुढे ‘ग्रामगीते’त आले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीला त्यांचे निधन झाले. विदर्भातील गावोगावच्या भजनी मंडळांत त्यांची खंजिरी आजही वाजते.