पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (एप्रिल २३, इ.स. १८५८ - एप्रिल ५, इ.स. १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक, लेखिका आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्ती मिशनच्या संस्थापक होत्या. स्त्रियांचे शिक्षण, विवाह, गृहव्यवस्था, आरोग्य आणि अपत्यसंगोपन यांविषयी मार्गदर्शन करणारा 'स्त्री धर्मनीति' हा ग्रंथ त्यांनी इ.स. १८८२ मध्ये लिहिला. एका स्त्रीने स्त्रियांसाठी लिहिलेल्या मराठीतील आरंभीच्या उपदेशपर ग्रंथांत त्याची गणना होते. पुढे शारदा सदन व मुक्ती सदन या संस्थांच्या द्वारे त्यांनी विधवा, परित्यक्ता आणि दुष्काळग्रस्त स्त्रियांना अन्न, निवारा, शिक्षण आणि उपजीविकेचे साधन मिळवून दिले.

बालपण व शिक्षण

रमाबाईंचा जन्म पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यातील आश्रमात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न पंडित होते. स्त्रियांना संस्कृत शिकवावे, या मताचे ते होते व त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना स्वतः संस्कृत शिकवले. यामुळे सनातनी मंडळींचा रोष ओढवल्याने त्यांनी वस्ती सोडून अरण्यात आश्रम बांधला. आर्थिक ओढगस्तीमुळे तो आश्रमही सोडावा लागला आणि रमाबाई तान्ह्या असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. देवळांच्या आवारात पुराणे वाचून मिळणाऱ्या दक्षिणेवर त्यांचा निर्वाह चाले.

रमाबाईंचे शिक्षण आईकडेच झाले. पहाटे कामाला लागण्यापूर्वी लक्ष्मीबाई मुलीला पाठ देत. अशा रीतीने रमाबाईंनी हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत केले. मुलीचा विवाह बालपणी करावयाचा नाही, असे वडिलांनी ठरवले होते. मोठ्या मुलीच्या बालविवाहाचा दुःखद अनुभव या निर्णयामागे होता.

इ.स. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात कुटुंबाची पुंजी संपली. भीक मागण्याची सवय नाही, अंगमेहनतीचे काम येत नाही, अशा अवस्थेत आधी वडील आणि थोड्याच काळात आई व थोरली बहीण मृत्युमुखी पडली. आईला खांदा देण्यासाठी पुरेसे लोक पुढे आले नाहीत. दोन ब्राह्मण, भाऊ श्रीनिवास आणि स्वतः रमाबाई यांनी तिरडी उचलली. उंची कमी असल्याने रमाबाईंना आपल्या बाजूचा भार डोक्यावर घ्यावा लागला. यानंतर दोघा भावंडांनी उपासमार सोसत देशभर हजारो मैलांची पायपीट केली. उपजीविकेचे कोणतेही कौशल्य हाती नसणे म्हणजे काय, याचा हा अनुभव त्यांच्या पुढील सर्व कार्याच्या मुळाशी आहे.

विवाह व वैधव्य

इ.स. १८७८ मध्ये रमाबाई कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्यांनी गौरवले. बंगालमध्ये त्या स्त्रीशिक्षणावर व्याख्याने देऊ लागल्या. इ.स. १८८० मध्ये श्रीनिवासचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा विवाह आंतरजातीय व आंतरप्रांतीय असून वधूने स्वतः वर निवडलेला होता. त्यामुळे दोघांनाही सामाजिक बहिष्कार सोसावा लागला. इ.स. १८८१ मध्ये त्यांना मनोरमा ही कन्या झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबिहारींचे पटकीने निधन झाले आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी, पदरी तान्ही मुलगी असताना, रमाबाईंना वैधव्य आले.

पुण्यातील कार्य

पतिनिधनानंतर त्याच वर्षी रमाबाई पुण्यास आल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, रा. गो. भांडारकर आदी सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना केली. स्त्रियांनी एकत्र जमावे, वाचन करावे आणि बालविवाह व अज्ञान यांविरुद्ध विचार करावा, हा या समाजाचा हेतू होता. रमाबाई रानडे व काशीबाई कानिटकर या त्यात येत असत. एक विधवा सकेशा राहते, उजळ माथ्याने सभांतून बोलते, ही गोष्ट त्या काळच्या पुण्यात मोठ्या चर्चेचा विषय झाली होती. याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींच्या शाळांसाठी स्त्री शिक्षिका व स्त्री निरीक्षक नेमाव्यात आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण द्यावे, अशा मागण्या त्यांनी मांडल्या. पुरुष वैद्याकडे जाण्याच्या संकोचापायी स्त्रियांना प्राण गमवावे लागतात, हे त्यामागील कारण होते.

'स्त्री धर्मनीति'

हा ग्रंथ इ.स. १८८२ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांना संस्कृत येत नाही व घरी मार्गदर्शन करणारे कोणी नाही, अशांसाठी तो मराठीत लिहिलेला आहे. विद्या, मर्यादशील वर्तन, धर्म, विवाहाचा विचार, विवाहोत्तर वर्तन, गृहकृत्ये व अपत्यसंगोपन असे विषय त्यात क्रमाने येतात.

ग्रंथाची सुरुवात स्वावलंबनाच्या विचाराने होते. स्त्रीची उन्नती दुसऱ्या कोणी करून देण्याची गोष्ट नाही, तिने ती स्वतः साधली पाहिजे, अशी भूमिका त्यात आहे. विवाहाविषयी लिहिताना लेखिका बालविवाहाचा निषेध करते. वधूवर जाणत्या वयाचे असावेत, एकमेकांची निवड विचारपूर्वक व्हावी आणि संसार परस्परांच्या प्रेमावर उभा राहावा, असे प्रतिपादन तिने केले आहे. गृहकृत्यांच्या भागात स्वच्छता, नीटनेटकेपणा आणि काटकसर यांवर भर आहे. मातेच्या अज्ञानाचे परिणाम मुलांच्या आरोग्यावर होतात, म्हणून अपत्यसंगोपन ही शिकण्याची विद्या मानली आहे.

ग्रंथाच्या मर्यादाही अभ्यासकांनी दाखवल्या आहेत. त्यातील आदर्श सीता-सावित्रीच्या परंपरेतील व उच्चवर्णीय घरांतील आहेत, भाषा संस्कृतप्रचुर आहे आणि स्त्रियांच्या हीन स्थितीचा बराचसा दोष स्त्रियांच्याच आळसाला व अज्ञानाला दिला आहे. अवघ्या पाच वर्षांनी लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकात हाच दोष त्यांनी रूढी, शास्त्रवचने आणि पुरुषसत्ता यांच्याकडे वळवला. रमाबाईंच्या विचारांतील हे स्थित्यंतर समजण्यासाठी दोन्ही पुस्तके जोडीने वाचली जातात. 'स्त्री धर्मनीति'च्या विक्रीतून मिळालेल्या पैशांचा उपयोग त्यांनी इंग्लंडच्या प्रवासखर्चासाठी केला.

इंग्लंड व अमेरिका

वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या उद्देशाने रमाबाई इ.स. १८८३ मध्ये मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. तथापि श्रवणदोषामुळे तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील सेंट मेरी मठात राहत असताना सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी मनोरमेसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. धर्मांतरानंतरही त्यांनी शाकाहार सोडला नाही. गळ्यातील क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, असा त्यांचा आग्रह होता. श्रद्धेच्या बाबतीत डोळे मिटून आज्ञापालन करण्यास त्यांनी नकार दिल्याने मठातील वरिष्ठांशी त्यांचे मतभेद होत. पुढे त्यांनी चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात अध्ययन करीत असतानाच संस्कृतचे अध्यापनही केले.

इ.स. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या. अमेरिकेत त्यांनी बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला व ठिकठिकाणी व्याख्याने दिली. इ.स. १८८७ मध्ये 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. बालविधवांचे केशवपन, दागिने व चांगले वस्त्र यांची बंदी, दिवसातून एकदाच मिळणारे जेवण आणि वारंवारचे उपवास यांचे वर्णन त्यात आहे. या पुस्तकामुळे जमलेल्या सहानुभूतीतून बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने नियोजित विधवागृहाला दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले. परतल्यावर लिहिलेल्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' या मराठी ग्रंथात त्यांनी अमेरिकी स्त्रियांच्या शिक्षणाचे व संघटनांचे कौतुक केले, तसेच त्यांच्या फॅशनच्या नादावर टीकाही केली.

शारदा सदन

मार्च ११, इ.स. १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत शारदा गद्रे ही मुलगी व गोदूबाई नातू ही बालविधवा होती. गोदूबाईंनी पुढे इ.स. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला व त्या आनंदीबाई (बाया) कर्वे म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. इ.स. १८९० मध्ये सदन पुण्यास हलवण्यात आले.

सदनात जातीचे खाणेपिण्याचे नियम पाळण्याची मुभा होती आणि ब्राह्मण मुलींसाठी स्वयंपाकाची तशी व्यवस्था होती. मुली व विधवांना पोटभर जेवण, स्वच्छ कपडे, केस राखण्याचे स्वातंत्र्य, खेळ आणि अध्ययन मिळे. घरोघरी अशुभ ठरवलेल्या मुलींना सर्वसाधारण माणसासारखे जेवता, ल्यायला व हसता यावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

सदनाचे धोरण धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे होते. मात्र काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, ही वार्ता पसरल्यावर केसरीने कठोर टीका केली. इ.स. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आपण कोणावर सक्ती केलेली नाही, पण प्रार्थनेचे दारही बंद करणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. या प्रकरणानंतर पुण्याच्या सुधारक वर्तुळाशी असलेला त्यांचा संबंध बराच तुटला.

केडगाव व मुक्ती सदन

पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली. संस्थेला उत्पन्न देणारी फळबाग तेथे करावी, असा मूळ हेतू होता. हे गाव पूर्वीच्या भीमथडी तालुक्यात, आजच्या दौंड तालुक्यात येते. शेजारच्या बारामती तालुक्यातील सुपे, मोरगाव, लोणी भापकर या जिरायती गावांप्रमाणे हा प्रदेशही पर्जन्यछायेचा असल्याने तेथे विहिरी खोदणे हे पहिले काम ठरले.

इ.स. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या व सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध सुरू झाल्याने त्यांची सोय केडगावच्या माळावर करावी लागली. येथूनच मुक्ती सदन उभे राहिले. इ.स. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. शारदा सदनात प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवा होत्या, मुक्तीत मात्र सर्व जातींच्या स्त्रिया एकत्र राहू लागल्या. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन हा स्वतंत्र विभाग होता, तसेच अंध स्त्रियांच्या शिक्षणाचीही सोय होती.

उपासमारीने खंगलेल्या मुलींना प्रथम अन्न व औषधोपचार आणि मग शिक्षण, असा येथील क्रम होता. साक्षरतेबरोबर शेती, गुरांची देखभाल, विणकाम, शिवण, स्वयंपाक, तेलघाणा आणि छपाई ही कामे शिकवली जात. प्रत्येकीच्या हाती स्वतःचे पोट भरण्याचे एक तरी साधन असावे, हा नियम होता. 'स्त्री धर्मनीति'त केवळ उपदेशाच्या रूपाने आलेले स्वावलंबन येथे रोजच्या कामात उतरले.

राहणी

रमाबाईंची राहणी अत्यंत साधी होती. त्या आखूड केस ठेवीत, पांढरी वस्त्रे नेसत, दागिने वापरत नसत आणि आयुष्यभर शाकाहारी राहिल्या. परदेशातही त्यांनी भारतीय पोशाख सोडला नाही.

अखेरची वर्षे व निधन

उत्तरायुष्यात रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. अल्पशिक्षित स्त्रियांना ते समजावे, हा त्यामागील उद्देश होता. त्याचे खिळे जुळवणे व छपाई ही कामे मुक्तीतील स्त्रियांनीच केली. इ.स. १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. संस्थेची धुरा ज्या कन्येवर सोपवावयाची, त्या मनोरमाबाईंचे जुलै १९२१ मध्ये निधन झाले. त्यानंतर वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच, एप्रिल ५, इ.स. १९२२ रोजी, केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले. भाषांतराचे काम त्यांनी त्यापूर्वी हातावेगळे केले होते. ते संपूर्ण बायबल इ.स. १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

वारसा

धर्मांतरामुळे महाराष्ट्रातील सुधारणेच्या इतिहासात रमाबाईंचे नाव दीर्घकाळ उपेक्षित राहिले. देवदत्त नारायण टिळक यांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले. पुढे मीरा कोसंबी यांच्या संशोधनामुळे व भाषांतरांमुळे त्यांच्या लेखनाकडे अभ्यासकांचे लक्ष नव्याने वेधले गेले. भारतीय टपाल खात्याने इ.स. १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. केडगाव येथील मुक्ती मिशनचे कार्य आजही चालू आहे.

प्रमुख लेखन

स्त्री धर्मनीति (१८८२)
द हाय-कास्ट हिंदू वुमन (इंग्रजी, १८८७)
युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त (१८८९)
अ टेस्टिमनी (इंग्रजी आत्मनिवेदन, १९०७)
बायबलचे मराठी भाषांतर (१९२४)